न झालेल्या लुटीची प्रस्तावना

या वेळचं पत्र एका कादंबरीकार बाईंचं आहे. नाव-गाव गाळलंय, मजकूर थोडा आखडता घेतलाय. बाकी शब्द त्यांचेच.

"ताई, सप्रेम नमस्कार.

माझी कॉलेजपासूनची मैत्रीण बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन नर्मदा परिक्रमेला गेली. पायी, ओंकारेश्वरहून निघून ओंकारेश्वरपर्यंत. आता तिचं पुस्तक येतंय. दुसरी प्रुफं माझ्याकडे आली आहेत, कारण प्रस्तावना मी लिहावी असा तिचा आणि प्रकाशकांचा आग्रह आहे. माझ्या कादंबऱ्या बऱ्यापैकी वाचल्या जातात, तेव्हा मुखपृष्ठावर माझं नाव असलं तर बरं, असा हिशेब असावा. त्यात गैर काही नाही. मीही आनंदाने हो म्हटलं.

पुस्तक चांगलं आहे. नर्मदेच्या मुखापाशी विमलेश्वरहून होडीने समुद्रातून पलीकडे मिठीतलाईला जातात ते प्रकरण तर मी लगेच पुन्हा वाचलं. अडलंय ते शूलपाणीच्या झाडीच्या, म्हणजे वाटेतल्या लुटीसाठी बदनाम असलेल्या जंगलाच्या, प्रकरणाशी. त्या टापूत मी तिच्यासोबत होते. बडवानीला मी तिला गाठलं आणि धडगावहून परत फिरले. पुस्तकात ती एकटी आहे, ते एक सोडा. पुस्तकात नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्याजवळ, पाड्याचं खरं नाव देऊन, रात्री चार भिल्ल येतात, कोयते दाखवतात, पैसे, घड्याळ, स्वेटर, पायातले बूटसुद्धा काढून नेतात, आणि ती थंडीत कुडकुडत, नर्मदे हर म्हणत रात्र काढते.

असं काही घडलेलं नाही. बडवानीच्या आश्रमात लोकांनी आम्हाला भरपूर घाबरवलं होतं, म्हणून आम्ही दोघींनी नोटा परकराच्या नेफ्यात शिवल्या होत्या, हे खरं. त्या पाड्यावर एका घराच्या पडवीत आम्ही पथारी टाकली. रात्री नऊच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली. वरच्या टेकाडावरून टॉर्चचा उजेड हलत हलत खाली येत होता. दोन माणसं. हिने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. ती माणसं ओट्यापाशी आली आणि त्यांनी खांद्यावरून दोन गोधड्या उतरवल्या. आमच्या घरमालकाकडे जादा पांघरूण नव्हतं, म्हणून त्याने वरच्या घरी निरोप धाडला होता. सकाळी मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन निघालो, तर त्यांतला एक जण पुढच्या पाड्यापर्यंत वाट दाखवायला आला. पैसे घेतले नाहीत.

मी तिला फोनवर विचारलं. ती हसली. 'अगं, झाडीत लूट नसेल तर लोक त्याला परिक्रमेचं पुस्तक म्हणतील का? आणि तुझ्या कादंबऱ्यांत तरी सगळं खरं असतं का?' मला उत्तर सुचलं नाही.

वाईट याचं वाटतं की ते प्रकरण तिने फार छान लिहिलंय. हेवा वाटावा इतकं. मी प्रस्तावना लिहू का? त्या प्रकरणाचा उल्लेख टाळून लिहिली तर? की मीच ते जरा सौम्य करून देऊ? प्रकाशकांनी तशी मुभा दिली आहे. मैत्री फार जुनी आहे, ती मोडायची नाही."

नमस्कार.

आधी तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुम्ही तिथेच अडकला आहात. कादंबरीत सगळं खरं नसतं, हे तीही जाणते. पण कादंबरीत गावाचं नाव काय असतं? तुमची साखर कारखान्यावरची कादंबरी मी वाचली आहे. ती ज्या गावावर बेतली आहे ते ओळखू येऊ नये म्हणून तुम्ही नदी बदलली, देवीचं देऊळ मारुतीचं केलं आणि गावाला नकाशात सापडणार नाही असं नाव दिलंत. का? त्या गावात माणसं राहतात म्हणून. एखाद्याच्या माथी त्याने न केलेला गुन्हा मारायचा, तर आधी त्याला त्याच्या घरातून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायला हवं, हे तुम्हाला कोणी न शिकवता कळलं. तुमच्या मैत्रिणीने नेमकं उलटं केलंय. पाडा खरा ठेवला आणि माणसं बदलली.

पुढच्या वेळी तिने विचारलं तर हे सांगा. फोनवर सुचत नाही, ठीक आहे.

परिक्रमेच्या पुस्तकांचं आणखी एक आहे. युरोपच्या सहलीवरचं पुस्तक वाचून फार थोडे लोक बॅग भरतात. नर्मदेवरचं पुस्तक वाचून मराठी माणूस खरंच निघतो. मुक्कामाची गावं वहीत उतरवून घेतो, कुठे सदाव्रत मिळतं, कुठे चढ आहे, कुठे जपून राहायचं, सगळं टिपून घेतो. बडवानीच्या आश्रमात तुम्हाला ज्यांनी घाबरवलं त्यांतल्या किती जणांना स्वतःला कोणी लुटलं होतं, हे विचारलं होतंत का? बहुतेकांनी वाचलेलं असतं, नाहीतर वाचलेल्याकडून ऐकलेलं. हे पुस्तक आहे तसं छापलं गेलं तर पुढच्या हिवाळ्यात त्याच आश्रमात दुसरी कोणी बाई तुमच्या मैत्रिणीचा हवाला देऊन परकराला नोटा शिवत बसेल. आणि त्या पाड्याशी पोचली की टॉर्च बघून ओरडेल.

झाडीत लूट होतच नव्हती असं मी म्हणत नाही. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांना अंगावरच्या लंगोटीनिशी सोडल्याच्या हकिगती जुन्या आहेत आणि त्या सांगणाऱ्यांवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. लुटणाऱ्यांना 'मामा' म्हणायचं, ही मैयाने घेतलेली परीक्षा समजायची, असा त्या लुटीला एक भक्तीचा मुलामाही चढला. ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी ते लिहिलं, तो त्यांचा हक्क. पण तुमची मैत्रीण चालली ती झाडी आता ती उरलेली नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, मणिबेलीपासून सुरुवात झाली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळच पाण्याखाली गेलं, नवं गोरा नावाच्या गावात बांधलं. काठाकाठाची जुनी वाट बुडाली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ, भरलं. आता चालणारे लोक डोंगरावरून, पाड्यापाड्यांतून जातात, आणि रात्री ज्यांच्या पडवीत पडतात ती घरं ह्याच लोकांची. शेत गेलं, घर गेलं, वाट गेली, तरी दारात आलेल्याला भाकरी देतात. त्यांना तुमच्या मैत्रिणीने कोयते दिले.

आणि त्या खोऱ्यातली पोरं मराठी वाचतात. नव्वदीच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाने तिथे जीवनशाळा सुरू केल्या, त्यांतून शिकून बाहेर पडलेल्यांची मुलं आता शाळेत असतील. पुस्तक पुण्या-मुंबईत विकलं जाईल, अक्राणीत कोण वाचतंय, असं तुमच्या मैत्रिणीच्या मनात असेल तर ते आजच्या दिवसात तरी खरं नाही. एका पानाचा फोटो काढून पाठवायला किती वेळ लागतो? पाड्याचं नाव छापायचं म्हणजे दहा-बारा घरांवर बोट ठेवायचं.

आता ती असं का करून बसली, याकडे येते. तुम्ही म्हणाल लूट हवी म्हणून घातली, परिक्रमेच्या पुस्तकांचा तो शिरस्ताच आहे. तेवढंच असतं तर तिने कुठूनतरी ऐकलेली एखादी हकिगत 'असं सांगतात' म्हणून घातली असती. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा मला वेगळंच दिसलं. लुटीच्या प्रकरणात ती शूर आहे. सगळं गेलं तरी नर्मदे हर म्हणत रात्र काढणारी. गोधड्यांच्या हकिगतीत ती घाबरट ठरते, आणि नुसती घाबरट नाही, जे माणूस पांघरूण घेऊन येतंय त्याला चोर समजणारी. ती रात्र तिला सांगायची लाज वाटते आहे. तुमच्या मनगटावर उमटलेली नखं ती विसरलेली नाही.

म्हणून तिच्याशी बोलताना खऱ्या-खोट्याचा खटला चालवू नका. ती रात्र तिला परत करा. तुम्ही मला पत्रात आठ-दहा ओळींत जे लिहिलंत ना, कुत्र्यांचं भुंकणं, उतारावरून हलत येणारा उजेड, खांद्यावरून उतरलेल्या गोधड्या, ते वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले. छापलेल्या लुटीत पुढे काय होणार ते वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं, कारण त्याने ती लूट आधी वाचलेली असते. गोधड्या कोणालाच अपेक्षित नसतात. आणि भीती खरी आहे, नेफ्यातल्या नोटा खऱ्या आहेत, त्या तिने बिनधास्त लिहाव्यात. भिल्लांबद्दल आपल्या डोक्यात काय भरलेलं असतं, हे तिने स्वतःच्या अंगावर घेऊन लिहिलं तर ते प्रकरण पुस्तकाला वर नेईल. सकाळी त्या माणसाबरोबर पुढच्या पाड्यापर्यंत चालताना ती काय बोलली, की काहीच बोलू शकली नाही? तुम्हाला आठवत असेल. तिला विचारा.

गोडसे भटजींचं उदाहरण इथे टाळता येत नाही. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत गेला, बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून. सापडला बंडात. झाशीच्या वेढ्यात होता, वाटेत लुटला गेला, तेही एकदा नव्हे. 'माझा प्रवास' वाचून बाजूला ठेवल्यावर बहुतेकांच्या लक्षात राहते ती काल्पीच्या बाजूची विहीर. पहाटेची वेळ, धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली झाशीची राणी तिथे येते, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो, ती त्याला थांबवते, मडकं-दोरी स्वतः घेते, पाणी काढते आणि ओंजळीने पिते. एवढंच. लढाई नाही, तलवार नाही. आपण मोठे योद्धे होतो असं दाखवायचा त्या माणसाने कुठेही आव आणलेला नाही. भीती वाटली तिथे भीती वाटली असंच लिहिलंय.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे ते प्रकरण सौम्य करून देऊ का याचं, उत्तरही याच पुस्तकात आहे. गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्ये. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिगत लिहून काढली आणि वैद्यांनी ती १९०७ साली छापली. वैद्य विद्वान, महाभारताचे अभ्यासक, पुढे पानिपतावर कादंबरीही लिहिणारे. आपल्या उपाध्यायांच्या लिखाणावरून त्यांनी हात फिरवला. भाषा नीटनेटकी केली, काही गाळलं, काही बदललं. इंग्रजांचा अंमल होता, त्यांनाही सांभाळून राहायचं होतं, हेतूबद्दल मला शंका नाही. पण परिणाम काय झाला? मराठी वाचकाने गोडसे म्हणून जे वाचलं त्यात वैद्य किती आणि गोडसे किती, हे कळायला १९६६ साल उजाडावं लागलं. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलं तेव्हा भटजींचा आवाज ऐकू आला. एकोणसाठ वर्षांनी! तेही हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून राहिलं म्हणून. तुमच्या मैत्रिणीची फाइल कोण जपणार आहे?

तेव्हा प्रकाशकांनी दिलेली मुभा वापरू नका. एक वाक्यही नाही. कादंबरीकाराचा हात वळणदार असतो आणि त्याला स्वस्थ बसवत नाही. तुम्ही ते प्रकरण 'सौम्य' करायला घ्याल म्हणजे काय कराल? चार भिल्लांचे दोन कराल, कोयते काढून काठ्या द्याल, एखाद्याच्या डोळ्यांत अपराधी भाव आणाल. मग ती लूट आणखी खरी वाटायला लागेल. खोटं होतं त्याहून पटण्याजोगं करून द्यायचं काम तुम्ही फुकटात कराल. आणि उद्या कोणी विचारलं तर ते तुमच्या दोघींचं असेल.

आता ते एकटीचं. तुम्ही 'ते एक सोडा' म्हणालात, म्हणून मी सोडत नाही. बडवानी ते धडगाव तुम्ही तिच्याबरोबर चाललात, पाय सुजले असतील, तिचं ओझंही थोडं उचललं असेल, आणि पुस्तकात तुमची सावलीसुद्धा नाही. वाईट वाटणारच. पण हा मुद्दा आणि लुटीचा मुद्दा एका पारड्यात घालू नका. प्रवासवर्णनात गाळायची मोकळीक असते. जॉन स्टाइनबेकचं उदाहरण घ्या. १९६० साली तो चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन गाडीने अमेरिका हिंडला आणि १९६२ साली पुस्तक आलं, लोकांच्या मनात एकटा म्हातारा आणि त्याचा कुत्रा हे चित्र पक्कं बसलं. २०१० साली बिल स्टायगरवॉल्ड नावाच्या पत्रकाराने तोच रस्ता पुन्हा धुंडाळला. त्याने दाखवून दिलं की बायको त्या प्रवासात बऱ्याच दिवस बरोबर होती, उघड्यावरचे मुक्काम फारच थोडे होते, हॉटेलं बरीच होती, आणि कित्येक संवाद घडलेच नसावेत. २०१२ मध्ये पुस्तकाची पन्नास वर्षांची आवृत्ती निघाली. तिची प्रस्तावना जे पारिनी यांची आहे, स्टाइनबेकचे चरित्रकार आणि स्वतः कादंबरीकार. त्यांनी तिथे वाचकाला बजावून ठेवलं की स्टाइनबेक मुळात कादंबरीकार होता, हे प्रवासवर्णन अक्षरशः खरं धरू नका.

बघा, कादंबरीकाराने प्रवासवर्णनाला लिहिलेली प्रस्तावना कशी असू शकते त्याचा हा नमुना. पण पारिनींना ते सोपं होतं. लेखक जाऊन चार दशकं उलटली होती. तुमची मैत्रीण जिवंत आहे, पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही, आणि बजावणीची तळटीप घालण्यापेक्षा ते प्रकरण बदलणं केव्हाही सोपं. स्टाइनबेकने रंगवलेल्या संवादांनी एखाद्या वस्तीवर दरोडा लादला नव्हता, हाही फरक आहेच. तुमचं गाळलं जाणं हे त्या बायकोच्या गाळलं जाण्यासारखं आहे. ते घरातलं भांडण, हवं तर वर्षभराने चहा पिताना काढा. फक्त एक: 'मी एकटी होते' असं सरळ विधान जिथे जिथे असेल तिथे ते काढायला सांगा. सोबतीचा उल्लेख न करणं वेगळं आणि नव्हती म्हणणं वेगळं. गोधड्यांचं प्रकरण ती खरं लिहायला बसली तर तुम्ही आपोआप आत याल, कारण ते मनगट कोणाचं तरी असावं लागेल.

बोलायचं कसं? व्हॉट्सॲपवर नको. फोनवर तर मुळीच नको, ते एकदा करून झालंय. प्रकाशकांसमोर नको. तिच्या घरी जा, प्रुफं घेऊन, आणि बसल्या बसल्या झाडीवर उडी मारू नका. विमलेश्वरच्या प्रकरणापासून सुरुवात करा. त्यातलं नेमकं काय आवडलं ते पानावर बोट ठेवून दाखवा. नर्मदा ओलांडायची नाही म्हणून समुद्रातून वळसा, भरतीची वाट बघत खोळंबलेली माणसं, सगळ्यांचे चेहरे पिवळे पडलेले. तिला कळू द्या की हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहू शकते आणि बघितलेलं लिहिते तेव्हाच तिचं लिखाण जमतं. मग झाडीचं पान उघडा आणि म्हणा, 'अगं, हे मी वाचलं. छान लिहिलंयस. पण त्या रात्री आपण दोघी किती घाबरलो होतो, ते कुठे गेलं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, तरी बसा.

ती चिडेल. 'तुझं नाव पुस्तकात नाही म्हणून तू हे काढतेस' असंही म्हणेल, मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं. तुम्ही कबूल करा की तेही थोडं लागलंय. मग पाड्याचं नाव वाचून दाखवा. पडवीतल्या घरमालकाचं नाव तिला आठवतंय का विचारा. त्याच्या बायकोने सकाळी डाळ वाढली, तिच्या हातात हे पुस्तक द्यायला ती जाईल का, हेही विचारा. परिक्रमेहून आलेले लोक पुस्तक निघालं की वाटेवरच्या आश्रमांना प्रती पाठवतात, ही चांगली रीत आहे. ह्या पाड्यावर प्रत पाठवता येईल असं ते प्रकरण हवं.

हेव्याबद्दल. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर मी ओळींमधून काढलंच असतं. ती लूट तुम्हाला छान वाटली कारण ती तुमच्या धंद्यातली आहे. रात्र जुळवून आणायची, चार माणसांना चार स्वभाव द्यायचे, कुठे थांबायचं ते ठरवायचं, हे तुम्ही वर्षानुवर्षं करत आलात आणि बँकेतून उठून आलेल्या बाईने पहिल्याच फटक्यात जमवलं. मग तिला तेही सांगा ना. तिच्यात कथा लिहिणारी बाई आहे, आणि ती प्रवासवर्णनाच्या आड लपून बसली आहे. ते प्रकरण बाहेर काढून त्याची कथा करता येईल, गाव बदलून, जात बदलून, निदान 'भिल्ल म्हणजे लुटारू' एवढा आयता माल तरी टाकून देऊन. तुम्ही तिला मदत करू शकता. तिथे तुमचा हात चालेल.

तिने ऐकलंच नाही तर? तर प्रस्तावना लिहू नका. उल्लेख टाळून लिहिण्याची पळवाट तुम्ही सुचवली आहे, ती चालणार नाही. प्रस्तावना लिहिणारा माणूस सगळ्या पुस्तकाला आपलं नाव लावतो, आवडलेल्या पानांना तेवढं लावून उरलेली वगळता येत नाहीत. त्यातून तुम्ही त्या वाटेवर होतात. हे ज्या चार लोकांना ठाऊक आहे ते पुढे चाळीसांना सांगतील, आणि ती लूट तुम्ही डोळ्यांनी पाहिली असं आपोआप होऊन बसेल. नाव मागे घ्यायचं, पण कारण जाहीर करायचं नाही. प्रकाशनाला जा, शेवटच्या रांगेत न बसता पहिल्या रांगेत बसा, पुस्तक विकत घ्या. कोणी थेट विचारलं की लुटीच्या वेळी तुम्ही कुठे होतात, तर खोटं बोलू नका आणि भाषणही देऊ नका. 'तिला विचारा' पुरे. ती मैत्रीण आहे, तिला एकदा चुकायची मुभा द्या, तुमच्या सहीविना.

प्रकाशकांना काय सांगायचं याची काळजी वाटत असेल तर ती उगाच आहे. 'वेळेत लिहून होत नाही, तुम्ही पुढे जा' एवढंच सांगा. प्रस्तावनेसाठी पुस्तक अडून राहणं मराठी प्रकाशकाला नवीन नाही, नामवंतांच्या दारात प्रुफं वर्षवर्ष पडून राहिलेली त्याने पाहिलेली असतात. तुम्ही पंधरा दिवसांत नाही म्हणालात तर तो मनातून आभारच मानेल. फक्त मुखपृष्ठ छापायला जायच्या आत फोन करा, कारण 'प्रस्तावना' या शब्दापुढचं नाव बदलायला त्याला पैसे पडतात.